त्यांच्या वाट्याचं अर्धं पुस्तक

दि. ९ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. आईने तुला फोनवर सगळं सांगितलं असेलच, म्हणजे तिला जेवढं कळलं तेवढं: नोकरी लागली, खोली मिळाली, खोलीला खिडकी आहे. फोनवर तू बरी आहे म्हणतेस, मी बरी आहे म्हणते आणि तिथेच संपतं. पत्रात निदान बरं नाही असं लिहिता तरी येतं.

तर बरं नाही. मला सहावी ब दिली आहे. छत्तीस मुलं. वर्गाच्या एका भिंतीवर नकाशा आहे आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे मोठ्या बाईंची खोली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आणि भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे त्यांच्या टेबलावरचे कागद हलत असतील.

मी पहिल्याच आठवड्यात रांगा मोडल्या. बाकं समोरासमोर लावून सहा गट केले. मुलं एकमेकांशी बोलली, एकमेकांना समजावून सांगू लागली की धडा त्यांचा होतो, हे मला शिकताना मनापासून पटलं होतं. अजूनही पटतं. पण प्रत्यक्षात काय होतं सांगू? प्रत्येक गटात एक हुशार असतो. तो सगळं लिहितो. बाकीचे पेन्सिलींना टोकं काढतात. चौथ्या गटात एक मुलगा आहे, त्याला सगळा वर्ग वकील म्हणतो. बाईंनी फळ्यावर चूक केली तर तो आधी उभा राहतो आणि मग हात वर करतो. त्याच्या शेजारी एक मुलगी बसते, तिला मुंगी म्हणतात. ती हजेरीला ओ देते, त्यापलीकडे तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. वकिलाशेजारी बसून तो ऐकू येणारही नाही.

परवा मोठ्या बाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा दिला. म्हणाल्या की तुमच्या वर्गाचा आवाज माझ्या खोलीत येतो, पण शिकणं काही येत नाही. ऑक्टोबरात, सहामाहीच्या आधी, त्या एक अख्खा तास माझ्या वर्गात बसणार आहेत. तेव्हा नुसता गोंगाटच दिसला तर बाकं पुन्हा रांगेत. आणि माझी नेमणूक सध्या सहामाहीपुरतीच आहे, याचीही त्यांनी हळूच आठवण करून दिली. माणूस वाईट नाही ग. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आई नेहमी सांगते की बाइंडिंगच्या कारखान्यात तुमच्या टेबलावर दिवसभर तोंडं चालायची आणि हातही चालायचे. माझ्या वर्गात नुसती तोंडं चालतात. तुम्हाला कसं जमायचं ते लिही.

हल्ली काय वाचतेस? दोन पत्रं झाली, तू पुस्तकाचं नाव काढलेलं नाहीस.

माझी नोकरी हंगामी आहे, तुझा लोभ तेवढा कायम असू दे.

तुझी,
भिंगरी


दि. १७ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने आणि एकदा हसत. लहानपणी तुला जेवताना एका जागी बसवायला तीन माणसं लागायची, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. तीच तू आता छत्तीस पोरांना गोलात बसवतेस आणि ती हलतात म्हणून माझ्याकडे तक्रार करतेस. करावं तसं भरावं.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही आता घरातलाच झाला. हे गेल्याला दोन वर्षं होतील. सकाळी चहाचं आधण अजून दोन कपांचंच ठेवलं जातं. मग दुसरा कपही मीच पिते. काही वाया जात नाही.

आमच्या टेबलाचं विचारलंस. ऐक. पुस्तक छापलं जातं तेव्हा ते पुस्तक नसतं. मोठमोठे कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्या कागदाला बरोबर घड्या घातल्या की पानं ओळीने लागतात. त्याला आम्ही फर्मा म्हणायचो. असे दहा-बारा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. टेबलाभोवती आम्ही बायका बसायचो आणि प्रत्येकीपुढे एकाच फर्म्याचा ढीग असायचा. मला तिसरा मिळाला तर आठवडाभर तिसराच. तीच सोळा पानं दिवसात किती वेळा हाताखालून जायची, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मी तिथे लागले तेव्हा मला अक्षराला अक्षर जोडून कसंबसं वाचता यायचं. ती सोळा पानं मी घडीबरोबर वाचायला लागले. आज एक ओळ, उद्या दुसरी. आठवड्याअखेर पाठ व्हायची. पण पुढे काय झालं ते मला कुठून कळणार? ते शेजारणीच्या ढिगात. तिच्याकडे बघायला गेलं तर हात थांबायचे आणि मुकादमीण डोळे वटारायची. म्हणून दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की पहिल्या फर्म्याची बाई सुरू करायची. ती थांबली की दुसरी. अशी गोष्ट टेबलाला फेरी मारून पुरी व्हायची. जिला वाचता येत नव्हतं ती आपल्या फर्म्यातली चित्रं सांगायची आणि उरलेलं शेजारणीकडून वाचून घ्यायची. आपल्या पाळीला गप्प बसलं तर बाकीच्या घास घेऊ देत नसत.

हे तेव्हा कटिंग मशीनवर होते. आमच्या टेबलापासून लांब, दाराशी. रोज माझा एक तरी फर्मा हातात घेऊन येत आणि सांगत की घडी तिरकी आहे, नीट करून द्या. आणि जाताजाता विचारत की यात काय आहे हो. आमचं लग्न ठरलं तेव्हा टेबलावरच्या बायका म्हणाल्या की आता याला अख्खं पुस्तक मिळालं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच की धड्याचे तुकडे कर. एकेकाला एकेक तुकडा दे आणि एकमेकांना सांगायला लाव. बघ काय होतं.

वाचण्याचं विचारलंस. सध्या वाचत नाही. डोळे ठीक आहेत.

वेळेवर जेवत जा. खिडकी आहे म्हणून तिच्यात बसून रात्र काढू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत; पत्राचं उत्तर मात्र मागते.

तुझी,
मावशी


दि. २० ऑगस्ट

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझी युक्ती साफ फसली. आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू सावकाश वाचशील.

मी पाठ्यपुस्तकातला धडा घेतला, सहा भाग पाडले, मुलांना वाटून दिले. आपापला भाग वाचा आणि मग बाकीच्यांना सांगा. वकील म्हणाला की बाई, मी कालच घरी अख्खा धडा वाचून आलोय. त्याच्या मागच्याने विचारलं की सगळ्यांकडे पुस्तक आहे, मग याने मला कशाला सांगायचं, मला काय वाचता येत नाही? तरी मी रेटलं. मुलं सांगायला लागली, पण सांगताना बघत होती माझ्याकडे. शेजाऱ्याकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड. एक मुलगी तर मधेच थांबून म्हणाली की बाई, तुम्हाला माहीतच आहे ना पुढचं. मुंगीची पाळी आली तेव्हा वकिलाने तिचा भाग सांगून टाकला आणि तिने मान हलवली. दोघंही खूश. मी सोडून.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात मोठ्या बाई. खाली पडलेला खडू उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. तो खडू मला अजून टोचतोय.

दोन महिने उरले. वाटतं, आपणच बाकं रांगेत लावावीत. निदान नोकरी तरी राहील. फळ्यावर लिहिलं की मुलं उतरवून घेतात, वर्ग शांत राहतो, आणि शांत वर्गाला कुणी काही विचारत नाही. तू रागावू नकोस. तुझं चुकलं असं नाही म्हणत, पण तुमच्या कारखान्यात जमायचं ते शाळेत जमत नाही इतकंच.

आई सांगत होती की तुझ्या कपाटावर दोऱ्याने बांधलेलं एक पुस्तक आहे आणि तू ते कुणाला पुसूही देत नाहीस. मागच्या खेपेला तिने फडकं नेलं तर तू तिच्या हातातून फडकं काढून घेतलंस म्हणे. ते कुठलं पुस्तक ग?

युक्ती फसली तरी तुझ्याशिवाय लिहायला मला कुणी नाही. तेव्हा रागातही लोभ असावा.

तुझी,
भिंगरी


दि. ३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी राग गेला आणि विचार आला, त्याला जास्त दिवस लागले.

आमच्याकडे एकदा नवा मालक आला होता. मोठ्या मनाचा. त्याने ठरवलं की कामगारांना तयार पुस्तकाची एकेक प्रत द्यायची. टेबलावर प्रत्येकीपुढे एकेक पुस्तक आलं. आम्हाला कोण आनंद. त्या दुपारी डबे उघडले आणि कुणीच बोललं नाही. प्रत्येकीचं डोकं आपापल्या पुस्तकात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या तर एकट्याच पडल्या. हे मी विसरले होते, तुझ्यामुळे आठवलं. तुझ्या पोरांच्या हातातही अख्खं पुस्तक आहे. ज्याचं पोट भरलंय त्याला वाढायला गेलं तर तो ताटावर हात आडवा धरणारच. आणि तुला तर सगळं माहीतच आहे. माहीत असलेल्या माणसाला सांगणं म्हणजे पाठ म्हणून दाखवणं. त्याला कुणी गप्पा म्हणत नाही.

म्हणजे तुला असं पुस्तक पाहिजे जे पोरांकडे नाही, बाजारातही सहज मिळत नाही आणि तू वाचलेलं नाहीस. आणि ते ऐकायला असं कुणी पाहिजे ज्याला ते खरोखर माहीत नाही.

आता कपाटावरच्या पुस्तकाचं. लपवण्यासारखं काही नाही, फक्त सांगायची वेळ आली नव्हती.

कारखान्यात बिघडलेल्या प्रती आम्हाला घरी न्यायला मिळत. कुठे पान दुमडलेलं, कुठे पुठ्ठा वाकडा. अशा पुस्तकांनीच आमचं घर भरलं. पण टेबलाची सवय जाईना. मला अख्खं पुस्तक एकटीने वाचवेना आणि यांनाही ऐकल्याशिवाय चैन पडेना. म्हणून आम्ही वाटणी केली. पूर्वार्ध त्यांचा, उत्तरार्ध माझा. दोघांचं वाचून झालं की आधी ते सांगणार, मग मी. इतकी वर्षं आम्ही पुस्तकं अशीच वाचली. मला शेवट ठाऊक आणि सुरुवात नाही, त्यांचं उलटं. भांडणही व्हायचं. ते त्यांच्या माणसांची बाजू घ्यायचे. मी म्हणायची की पुढे हा माणूस काय करतो ते कळलं म्हणजे बोला.

हे पुस्तक तसंच आलं होतं. याचा पुठ्ठा उलटा चिकटलाय. हातात धरलं की लोकांना वाटायचं म्हातारी उलटं पुस्तक वाचतेय. त्यांनी त्यांचा अर्धा भाग वाचून संपवला. वाचता वाचता एके दिवशी इतके हसले की ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले की आता नाही सांगत, तुझं वाचून होऊ दे, मग सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. पुढचं तुला ठाऊक आहे.

मी माझा भाग नंतर वाचला. त्यात एक घड्याळजी बऱ्याच वर्षांनी आपल्या गावी परत येतो. गावातलं कुणी त्याच्याशी बोलत नाही. का, ते माझ्या भागात लिहिलेलं नाही, सगळे माहीत असल्यासारखे वागतात. फक्त एक बाई रोज त्याच्या दारात एक रिकामी खुर्ची आणून ठेवते आणि संध्याकाळी परत नेते. तीही बोलत नाही. ही खुर्ची कशाची, ते मला अजून कळलेलं नाही. आणि हे कशाला हसले तेही. वाचून बघितलं असतं तर कळलं असतं, हे मलाही कळतं. पण तो भाग त्यांनी सांगायचा होता. मी वाचला असता तर त्यांनी सांगायचं काहीच उरलं नसतं.

काल दुपारी पुस्तक खाली काढलं, पुसलं, शिलाईचा दोरा कापला. हात थोडा वेळ थांबले, मग चालले. पूर्वार्धाचे सहा फर्मे सुटे करून या पत्राबरोबर पाठवते आहे. तुझे गटही सहाच. एका गटाला एक फर्मा दे. दुसऱ्याच्या फर्म्यात कुणी डोकवायचं नाही. तूही नाही. खूप वाटेल, तरी नाही.

मग जुळणी कर. आमच्याकडे जुळणी म्हणजे प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलून एकावर एक ठेवणं. तसा प्रत्येक गटातला एकेक पोरगा उचल आणि नवीन टेबलं लाव. म्हणजे प्रत्येक टेबलावर सहाही फर्मे आले आणि प्रत्येक फर्म्याचं पोर एकच. तुझ्या मुंगीच्या टेबलावर मग वकील नसेल. तिचा फर्मा तिलाच सांगावा लागेल, नाहीतर बाकीचे पाच जण तिला सोडणार नाहीत.

आणि त्यांना सांग की एका बाईला ही गोष्ट खरंच माहीत नाही. खुर्ची कशाची आणि त्या बाईचे यजमान कुठे हसले, एवढं शोधून तिला कळवायचं आहे.

पोरांचे हात स्वच्छ असू देत. कागद जुना आहे. मला तो परत शिवायचा आहे.

या खेपेला मी तुला आशीर्वादापेक्षा जास्त काहीतरी पाठवते आहे. जपून ठेव.

तुझी,
मावशी


दि. ११ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

काल मोठ्या बाई वर्गात बसल्या. आता बैजवार सांगते.

तुझे फर्मे आले त्या दिवशी मी ते मुलांच्या हातात ठेवले आणि तुझं नुसतं एवढंच सांगितलं: काका हसले आणि सांगायचे राहिले. वर्ग असा शांत मी कधी ऐकला नव्हता. मग वकिलाने विचारलं की उत्तर बाईंना माहीत आहे का. मी म्हटलं, नाही. त्याचा विश्वास बसेना. मग म्हणाला की म्हणजे कुणालाच माहीत नाही? मी पुन्हा नाही म्हटलं. त्याने बाह्या सरसावल्या, ग.

गटांनी फर्मे वाचले ते डोकी एकमेकांना टेकवून. तिसऱ्या गटाला पहिल्या गटाचा इतका राग आला की विचारू नकोस, कारण तिसऱ्या फर्म्यात सगळे एका बोटीबद्दल बोलतात आणि बोट पहिल्या फर्म्यात येऊन गेलेली. मधल्या सुट्टीत चोरून विचारणं, नाही सांगत म्हणून चिडवणं, सगळं झालं. मी स्वतः फर्मे कपाटात कुलूप लावून ठेवत होते आणि किल्ली माझ्याकडेच होती, हे किती वाईट असतं ते तू समजू शकशील. पण शप्पथ, पाहिलं नाही.

काल जुळणी. मोठ्या बाई वही घेऊन मागे बसायला गेल्या. पण मुंगीच्या टेबलावरचा एक मुलगा तापाने आला नव्हता, तिथे जागा होती, आणि मुंगी सरकली. बाकाच्या अगदी टोकाला जाऊन तिने बाईंना जागा करून दिली. आता बाई टेबलावर बसल्या म्हटल्यावर त्यांना सांगायला नको? त्यांनी काहीच वाचलेलं नव्हतं. पोरांनी पहिल्यापासून सुरू केलं. जो आला नव्हता त्याचा फर्मा शेजारच्या टेबलावरून मागून आणला, म्हणजे तिथल्या मुलीलाच उचलून आणली. आणि चौथा फर्मा मुंगीने सांगितला. मी लांब उभी होते, मला शब्द ऐकू आले नाहीत. फक्त दिसलं की मोठ्या बाई वही मिटून पुढे वाकल्या आहेत, कारण तिचा आवाज तेवढाच आहे.

गोष्ट अशी. घड्याळजीचं दुकान लहान, खुर्ची एकच, ती त्याची. खुर्च्या विणणारी एक बाई दर आठवड्याला आपलं घड्याळ बिघडलं म्हणून दुरुस्तीला आणते आणि बसायला स्वतःची खुर्ची घेऊन येते. घड्याळ होईपर्यंत गप्पा मारते. घड्याळ कधीच बिघडलेलं नसतं. तोही ते उघडतो, पुसतो, बंद करतो आणि पुढच्या आठवड्याला परत दाखवा म्हणतो. मग तिला संध्याकाळच्या बोटीने भावाकडे कायमचं जायचं ठरतं. तो गावातल्या मनोऱ्याचं मोठं घड्याळ थांबवून ठेवतो. तिची बोट चुकते. पण तिच्याबरोबर सगळ्या गावाचाच दिवस चुकतो. भट्ट्यांतले पाव करपतात, डॉक्टर उशिरा पोचतो. लोक त्याला गावाबाहेर काढतात. तेव्हा तुझी खुर्ची ही.

मग प्रश्न आला काका कुठे हसले. मावशी, तो गोंगाट तू ऐकायला हवा होतास. एका टेबलाचं मत की न्हावी अर्धी मिशी कापतो आणि घड्याळ बंद म्हणून उरलेली कापायची वेळच होत नाही, तिथे. वकिलाचं मत की शेळी नगराध्यक्षांचं भाषण खाते आणि ते पाठ असलेली दोनच वाक्यं तासभर फिरवून फिरवून बोलतात, तिथे. त्याने ती दोन वाक्यं उभं राहून म्हणून दाखवली. मोठ्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला, आणि म्हणाल्या की त्यांचंही मत शेळीलाच. वकिलाला तर आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हा मुंगी काहीतरी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मोठ्या बाई तिच्या शेजारी होत्या, त्यांनी हात वर करून वर्ग थांबवला आणि तिला पुन्हा बोलायला सांगितलं. मुंगी म्हणाली की गंमत वाटली तर माणूस लगेच सांगतो. शेळीचं असतं तर आजोबांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. जे त्यांनी मागे ठेवलं ते नुसतं गमतीचं नसणार. म्हणून ते घड्याळ न बिघडलेल्या जागी हसले असतील.

वकील लगेच उभा राहिला. म्हणाला की याला पुरावा काय? मग स्वतःच म्हणाला की शेळीलाही पुरावा नाही. मतं घेतली. वर्ग निम्मा-निम्मा झाला. मोठ्या बाई शेळीपाशीच राहिल्या.

आज सकाळी त्यांनी बोलावलं. बाकं आठवड्यातून तीन तास फिरवायची, गणिताला रांगेतच, आणि दार लावून घ्यायचं. नेमणूक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढवली आहे. निघताना त्यांनी विचारलं की मग त्या घड्याळजीचं पुढे काय होतं. मी म्हटलं, ते मावशीकडे आहे.

मुंगीने लिहिलेलं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. तुझ्याकडून एवढं तरी शिकले.

आता लोभ एकट्या माझ्यावर ठेवून भागणार नाही, छत्तीस वाटेकरी झाले आहेत.

तुझी,
भिंगरी


(सोबत)

ती. आजींना,

सा. न.

तुमचा चौथा फर्मा आमच्याकडे होता. त्यावर डाग पडलेला नाही. एका कोपऱ्यात आधीपासूनच होता, तो आमचा नाही.

मी जे सांगितलं ते बरोबर आहे का, ते कळवावे. वकील म्हणतो की कधीच कळणार नाही. मला वाटतं तुम्हाला कळेल, कारण तुम्ही त्यांना ओळखत होता. आमची पैज लागलेली नाही पण लागल्यासारखंच आहे.

पुढे तो घड्याळजी तिच्याशी बोलतो का?

आपली नम्र,
(वर्गात मला मुंगी म्हणतात)


दि. १९ ऑक्टोबर

सहावी ब मधल्या सगळ्या चिरंजीवांना,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या बाईंचं पत्र आणि त्यासोबतचं पत्र, दोन्ही पोचली. दोन वर्षं मला जे ऐकायचं होतं ते तुम्ही सांगितलंत. नीट सांगितलंत, काही राखून ठेवलं नाहीत. मी ते दुपारी वाचलं आणि संध्याकाळी पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मोठ्यानेच वाचलं.

आता निकाल. वकिलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेळीला आमचे हे हसले असणारच, त्यांना नगराध्यक्षांची टर उडवायची भारी हौस होती. पण ठसका लागेपर्यंत हसले ते तिथे नाही. मुंगीचं बरोबर आहे. पुरावा मागितलात, तो देते.

मी कारखान्यात पुस्तकांच्या घड्या घालायची तेव्हा हे दुसऱ्या टोकाला कागद कापायच्या मशीनवर होते. रोज माझी एक घडी परत घेऊन यायचे आणि म्हणायचे की तिरकी आहे. मी ती त्यांच्यासमोर उघडायची, परत घालायची आणि द्यायची. तेवढ्यात काय दोन शब्द व्हायचे ते. घडी कधीच तिरकी नसायची. माझ्या घडीला कुणी नाव ठेवलेलं नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. आणि त्यांनाही आयुष्यभर वाटत राहिलं की हिला कळलेलंच नाही. त्या घड्याळाच्या पानावर आपली चोरी छापून आलेली बघून माणूस हसेल नाहीतर काय करेल? तेच ते मला सांगणार होते. कबूल करणार होते.

माझ्याकडूनही एक सांगायचं राहिलं, तेही ऐका. त्यांना रोज खोटं बोलावं लागतं याचं मला पुढे पुढे वाईट वाटायला लागलं. म्हणून मी रोज एक घडी मुद्दाम तिरकी घालायला लागले. ती बरोबर त्यांच्याच हातात पडेल अशी ढिगाच्या वर ठेवायची. त्यांना तेही कधी कळलं नाही. ऐकून पुन्हा ठसका लागला असता.

चौथ्या फर्म्याच्या कोपऱ्यातला डाग चहाचा आहे. तो यांचा. तो राहू द्या.

मुंगीने विचारलंय की घड्याळजी तिच्याशी बोलतो का. ते माझ्या अर्ध्या भागात आहे. पण तो भाग मी वाचायला पाठवणार नाही. आमच्या घरची रीत अशी की पूर्वार्ध ऐकून झाला की उत्तरार्ध सांगायची पाळी माझी. सुट्टी संपली की मी येते. बाईंना सांगा, मला बसायला जागा करून ठेवा. आणि तुमच्या मोठ्या बाईंनाही बोलवा, त्यांचंही अर्धंच ऐकून झालंय.

बाकी भेटल्यावर तोंडी.

तुमची,
आजी

ता. क. भिंगरीस: येताना सुई, दोरा आणि खळ घेऊन येते. पूर्वार्ध तिथेच, पोरांसमोर शिवून टाकू. पुठ्ठा आहे तसाच उलटा राहील. आणि स्टेशनावर न्यायला ये, पण लवकर येऊन दारात ताटकळत बसू नकोस. तुझं एका जागी बसणं मला ठाऊक आहे.